एका अखंड सुळ्याची पेटी

"खिसे," बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले. बायकोने कोटाच्या एका खिशातून भिंग काढलं, दुसऱ्यातून मऊ फडकं, आतल्या खिशातून कापसाचे बोळे, आणि हा सगळा ऐवज दाराजवळच्या केशरी खुर्चीत ठेवून दिला. मग तिने त्यांचा उजवा हात धरला आणि अंगठा उलटसुलट करून पाहिला. अंगठा काही काढून ठेवता येण्यासारखा नव्हता.

"हा खिशात ठेवायचा," ती म्हणाली. "तिथून निघेपर्यंत."

"मग चहाचा कप कसा धरू?"

"डाव्या हातानं धरा. पण हा बाहेर आला तर याद राखा."

लेक दारात उभी राहून घड्याळाकडे बघत होती. ती जनावरांची डॉक्टर होती. उधळलेल्या घोड्यालाही गोड बोलून सुई टोचायची, अशी तिची ख्याती. पण आज तिचाही धीर सुटत चालला होता. "बाबा, एवढं एकच करा माझ्यासाठी. काही घासायचं नाही, काही हुंगायचं नाही, आणि प्लास्टिक हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्याच्या आईंना प्लास्टिकचा भयंकर तिटकारा आहे. आज लग्न ठरतंय माझं."

"शब्द दिला," चष्मेवाले म्हणाले, आणि निघता निघता त्यांनी सवयीने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून घेतला.

या खुर्चीबद्दल सांगायलाच हवं. ती एकाच साच्यातून निघालेली होती. पाय, बैठक, पाठ, हात, सगळं अखंड. सांधा नाही, खिळा नाही, स्क्रू नाही. आपण रांगत होतो त्या काळात कुणीतरी कुठल्याशा कारखान्यात गरम रस साच्यात दाबला आणि बघता बघता त्याची खुर्ची झाली, या विचाराने चष्मेवाल्यांना रोज सकाळच्या चहाला भरून यायचं. खुर्चीखेरीज घरात अळंबीच्या आकाराची पांढरी टेबलं होती, चंद्रासारखा उजेड देणारे दुधी दिवे होते, पोपटी रेडिओ होता, आणि एका थाळीत अशी काही द्राक्षं होती की पाहुण्यांनी त्यांना हात घालावा आणि खजील होऊन काढून घ्यावा. कुरिअरवाल्याने एकदा दारातूनच विचारलं होतं, "बालवाडी इथंच का?" त्या दिवसापासून बायकोने स्वयंपाकघरात एक लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं आणि घरातलं आपलं राज्य तेवढ्यापुरतंच आहे असं ती मानत असे.

हे सगळं सुरू झालं ते दुकानात. चष्म्याचं दुकान वडिलांपासूनचं. एकदा फळीमागे जुन्या फ्रेम्सचा डबा सापडला, त्यातल्या एका फ्रेमची काडी चष्मेवाल्यांनी कानशीने घासली आणि दुकानभर कापराचा वास सुटला. चष्म्याच्या काडीतून कापूर! त्या दिवशी चष्मेवाल्यांनी एकही गिऱ्हाईक धड पाहिलं नाही. पुढे त्यांना कळलं की जुनं प्लास्टिक असं बोलतं. अंगठ्याने जोरात घासून गरम करायचं आणि पटकन नाकाशी धरायचं. एका जातीला फिनेलसारखा झणझणीत वास येतो, दुसरीला करपलेल्या दुधाचा, आणि सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत नाजूक जातीला कापराचा. लहानपणापासून बापाला हुंगताना बघून लेकीला त्याचा चेहरा वाचता येऊ लागला होता. फिनेल असलं की भुवया वर जायच्या. दूध असलं की ओठ पुढे यायचे. कापूर असला की डोळे मिटायचे आणि मान हळूच डावीकडे कलायची. अशी कललेली मान तिने क्वचितच पाहिली होती.

मुलाची आई एका मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन होती. मेट्रनबाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, मेट्रनपणातून नाही. दार उघडून त्यांनी तिघांना नखशिखांत न्याहाळलं, दाखल करून घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवलं आणि म्हणाल्या, "बसा." तिघंही जागच्या जागी बसले. सुदैवाने मागे सोफा होता.

दिवाणखान्यात लाकूड होतं, पितळ होतं, काच होती, चिनीमाती होती. कोपऱ्यातल्या झाडूची मूठसुद्धा लाकडी होती.

"जन्म गेला माझा प्लास्टिकमध्ये," मेट्रनबाई चहा ओतत म्हणाल्या. "प्लास्टिकच्या नळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, प्लास्टिकची तबकं. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, घरात त्याचा तुकडा दिसता कामा नये."

"किती छान!" चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. इतकं मनापासून ती लग्नानंतर प्रथमच काही बोलली असावी.

चष्मेवाल्यांनाही हायसं वाटलं. दारू सोडलेल्या माणसाला दुधाच्या डेअरीत नेऊन बसवावं, तसे ते निर्धास्त झाले. डाव्या हाताने कप उचलून ते मजेत चहा पिऊ लागले. मेट्रनबाईंची नजर मात्र त्यांच्या खिशातल्या उजव्या हातावर खिळली होती.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही. जरा... अंगठा."

"दाखवा."

त्या आवाजापुढे मोठमोठ्या सर्जनांनी हात पुढे केले होते, तिथे चष्मेवाल्यांचा काय पाड? त्यांनी अंगठा बाहेर काढला. मेट्रनबाईंनी तो खिडकीकडे वळवून पाहिला.

"रेषाच नाहीत याच्यावर! पार गुळगुळीत. काय करता काय याचं?"

"काचा... पुसतो," चष्मेवाले म्हणाले. बायकोने छताकडे पाहिलं.

"मग याला मोकळी हवा हवी. खिशात घाम धरतो. मी सांगेपर्यंत हा हात आत जाता कामा नये." आणि अशा रीतीने वैद्यकीय सल्ल्यावरून तो अंगठा मोकळा सुटला.

मुलगा एवढा वेळ कोपऱ्यात बसून होणाऱ्या बायकोकडे बघून हसत होता. स्वभावाने गरीब गाय. लंगडणारी मांजर घेऊन तो तिच्या दवाखान्यात गेला, तिचे जनावरांबद्दलचे विचार ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने कातडी बूट सोडले, कातडी पाकीट सोडलं, कातडी पट्टा सोडला. त्यामुळे उठताना एका हाताने पँट धरायची त्याला सवय लागली होती. आताही तो तशीच पँट धरून उठला, कारण आईने फर्मान काढलं होतं, "चला, सगळ्यांनी हात धुऊन घ्या."

"जेवायला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"पेटी बघायला."

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. हात धुण्यासाठी रांग लागली, मेट्रनबाईंनी प्रत्येकाची नखं तपासली, आणि मग आतल्या कपाटातून मखमलीत गुंडाळलेली वस्तू दोन्ही हातांवर तोलत आणून त्यांनी टेबलावर ठेवली. मखमल बाजूला केली. आत एक पेटी होती, सायीच्या रंगाची. झाकणावर हत्तींची रांग चालली होती, प्रत्येकाच्या सोंडेत पुढच्याची शेपूट. शेवटचं पिल्लू मागे वळून बघत होतं.

"माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी दिलेली," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "अस्सल हस्तिदंत. एका अखंड सुळ्यातून कोरलेली. आता ती हिची. लग्न झालं की तुमच्या घरात समोर, पहिल्यांदा नजर जाईल तिथे ठेवायची."

लेक ताठ झाली. "काकू," ती शक्य तितक्या हळू म्हणाली, "रागावू नका. पण हस्तिदंत मी घरात नाही ठेवू शकणार."

"म्हणजे?"

"त्यासाठी हत्ती मारलाय हो कुणीतरी. रोज सकाळी उठून मी ते बघू? नाही जमणार मला."

"तो हत्ती माझ्या आजेसासूबाईंच्याही आधी मेलाय. आता काय सुतक पाळायचं त्याचं?"

"आई," मुलगा पँट धरून मध्ये पडला, "आपण पेटीचं नंतर बघू ना."

"नंतर नाही. आत्ताच. एक गोष्ट नीट ऐकून ठेवा दोघंही. ज्या घरात ही पेटी जाणार नाही, त्या घराचा उंबरा मीही ओलांडणार नाही. लग्नालाही माझी वाट बघू नका."

मुलगा रडवेला झाला. त्याला आईला सोडणं शक्य नव्हतं, लेकीला तत्त्व सोडणं शक्य नव्हतं, आणि ठरत आलेलं लग्न टेबलावरच्या त्या पेटीवर अडून बसलं होतं. चष्मेवाल्यांच्या बायकोने मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं, तर ते पेटीवर डोळे लावून बसले होते.

चष्मेवाल्यांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि ते नेमकं झाकणावर पडलं होतं. त्या उन्हात पेटीच्या अंगावरच्या रेघा दिसत होत्या. बारीक, सरळ, एकीला एक समांतर, वहीच्या पानावर असाव्यात तशा. सुळ्यातल्या रेघा अशा शिस्तीत नसतात, त्या एकमेकींना छेद देतात, हे त्यांना माहीत होतं. आणि पिल्लाच्या पोटाखालून केसाएवढी एक शिवण गेली होती. साच्याची शिवण! असं काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. इतकं जुनं, इतकं मोठं, कुठे तडा नाही, कुठे वाकलेलं नाही. शब्द दिलेला होता, हेही त्यांना आठवत होतं. पण अंगठ्याने शब्द दिलेला नव्हता.

अंगठा पुढे गेला. झाकणाच्या कडेवरून घसाघसा फिरला. चष्मेवाले वाकले आणि त्यांनी नाक टेकलं.

त्यांचे डोळे मिटले. मान हळूच डावीकडे कलली.

"हे काय चाललंय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

चष्मेवाले भानावर आले. बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला होता आणि तो काढून घ्यायची तिला काही घाई नव्हती. "नमस्कार," ते घाईघाईने म्हणाले. "नमस्कार केला मी. एवढी मोठी वस्तू समोर आली की... असा... माथा टेकला जातो."

त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. मेट्रनबाईंनी ते पाहिलं आणि त्या एकदम मऊ झाल्या. "इतक्या वर्षांत," त्या म्हणाल्या, "हिच्यापुढे असा माथा टेकलेला कुणी पाहिला नाही मी. सुगंध आला ना? सासूबाई म्हणायच्या, अस्सल हस्तिदंताला असा मंद सुगंध असतोच."

लेकीने मात्र दुसरंच पाहिलं होतं. तिने बापाची मान पाहिली होती. एकदा बापाकडे, एकदा पेटीकडे बघून ती उठली आणि सरळ मेट्रनबाईंचे हात धरून म्हणाली, "काकू, चुकले मी. द्या मला ही पेटी. मी समोर ठेवीन. रोज पुसीन."

"काय?" हा आवाज मुलाचा होता.

"अरे, एवढं प्रेमानं देतायत त्या."

"प्रेमानं? आणि तो हत्ती?"

"हत्तीचं काय एवढं?" लेक म्हणाली आणि त्याला डोळ्यांनी खुणावू लागली.

"हत्तीचं काय एवढं?" मुलगा थरथरत म्हणाला. "तुझ्यासाठी मी बूट सोडले. पाकीट सोडलं. पट्टा सोडला! वर्षभर माझी पँट देवाच्या भरवशावर आहे! आणि तू म्हणतेस हत्तीचं काय एवढं? डोळे काय मिचकावतेस? तुला हे हसण्यावारी न्यायचं वाटतं?" त्या गरीब माणसाचा आवाज असा चढलेला त्याच्या आईनेही कधी ऐकला नव्हता. "मला विचार करावा लागेल. सगळ्याचाच."

लग्न आता दुसऱ्या बाजूने मोडायला लागलं. चष्मेवाल्यांच्या बायकोने नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "तुमच्या नाकानं केलंय हे. आता तुम्हीच निस्तरा."

"जावईबापू," चष्मेवाले उठून म्हणाले, "जरा गॅलरीत येता? तुमचा चष्मा नाकावरून घसरतोय, नीट बसवून देतो."

गॅलरीत कुंड्या होत्या, त्याही मातीच्या. चष्मेवाल्यांनी दार लोटून घेतलं आणि जावयाच्या चष्म्याची काडी वाकवता वाकवता त्याच्या कानात सांगितलं. जावयाला ते पटेना.

"शक्यच नाही. आईला प्लास्टिक लांबून कळतं. माझ्या वाढदिवसाला आलेला पेनांचा डबा तिनं दारातूनच परत पाठवला होता."

"हल्लीचं कळत असेल. हे हल्लीचं नाही. हा प्लास्टिकचा पणजोबा आहे. तुमच्या होणाऱ्या बायकोनं माझ्या मानेवरून ओळखलं, म्हणून ती हो म्हणाली. तत्त्वबित्त काही सोडलेलं नाही तिनं."

जावयाचा चेहरा हळूहळू उजळला. मग त्याला आठवलं की या पेटीला हात लावायचा म्हणून लहानपणी त्याची नखं रोज तपासली जायची, आणि तो हसायला लागला. हसू आवरेना म्हणून त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, त्यामुळे पँट धरायला कुणी उरलं नाही, आणि चष्मेवाल्यांना ती वरच्या वर झेलावी लागली. आत सगळ्यांना फक्त त्याचे हुंदके ऐकू आले.

"आई," आत येऊन तो लाल डोळ्यांनी म्हणाला, "मीही तयार आहे. येऊ दे पेटी आमच्या घरी."

मेट्रनबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या होणाऱ्या बायकोकडे. आत्ता आत्ता दोघं तत्त्वासाठी जीव द्यायला निघाले होते. आणि आता दोघंही माना खाली घालून उभे. एकाचे तर डोळे सुजलेले. मेट्रनबाईंचं काळीज हललं.

"रडलास?" त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी?"

मुलाने ओठ घट्ट दाबून धरले. तोंड उघडलं असतं तर पुन्हा हसू फुटलं असतं.

"नाही," मेट्रनबाई हळूहळू म्हणाल्या. "हे बरोबर नाही. तुम्ही पोरं माझ्यासाठी तत्त्व सोडता, आणि मी म्हातारी एक पेटी सोडू शकत नाही? उद्या तुम्ही ती समोर ठेवाल आणि तिच्याकडे बघायचं टाळाल. कशाला ते?" त्या उठल्या. आवाज पुन्हा मेट्रनचा झाला. "मी वाचलंय. पकडलेलं हस्तिदंत जाळून टाकतात. म्हणजे पुन्हा कुणाला मोह नको. योग्यच आहे. आपणही जाळू. आत्ता."

"काकू, नको!"

"आई, अगं थांब!"

"आता माघार नाही. मागच्या अंगणात चला सगळे." आणि कुणी काही सुचून बोलायच्या आत त्या पेटी, लोखंडी बादली आणि काडेपेटी घेऊन मागच्या दारातून बाहेरही पडल्या. जन्मभर इतरांचे जीव वाचवण्यासाठी कमावलेली तत्परता त्यांनी पेटीचा जीव घ्यायला लावली होती.

चष्मेवाले अंगणात पोचले तेव्हा पेटी बादलीत होती आणि मेट्रनबाई काडी ओढत होत्या. हत्तींची रांग बादलीच्या तळाशी चालली होती आणि पिल्लू वर बघत होतं. चष्मेवाल्यांना सगळं एकदम दिसलं. लेक, लग्न, दिलेला शब्द, बायकोचे वटारलेले डोळे. आणि त्या सगळ्यांच्या पुढे ती पेटी. त्यांनी बादलीवर झेप घेतली, पेटी उचलून पोटाशी धरली आणि ओरडले, "विझवा! आधी ती काडी विझवा! भडका उडेल!"

"हस्तिदंताचा भडका?" मेट्रनबाईंनी काडी फुंकून टाकली, ती केवळ आश्चर्याने. "हस्तिदंत असं भडकतं होय?"

"हस्तिदंत नाही भडकत. हे भडकतं. हे प्लास्टिक आहे!"

शब्द बाहेर पडला. लेकीने डोळे झाकून घेतले. बायको खाली पायरीवर बसली.

"प्लास्टिक," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझ्या घरात?"

"हो, विहीणबाई." विहीण हा शब्द आता कितपत बरोबर आहे याची त्यांना खात्री नव्हती, पण सगळं संपलंच आहे तर बोलून घ्यावं असं त्यांना वाटलं. "पण तुम्ही म्हणता ते प्लास्टिक नव्हे. हे बघा, जरा उन्हात या. या रेघा दिसतात? सुळ्यात या आपोआप येतात. इथं माणसानं आणल्यात. पातळ पापुद्रे केले, एक पांढरा, एक किंचित पिवळसर, एकावर एक रचले, दाबले, आणि मग आडवे कापले. कशापासून केलं माहीत आहे? कापसापासून आणि कापरापासून. कापूस आणि कापूर! त्यातनं हस्तिदंत केलं! हत्तीला सुळा येतो तो आपला येतो, त्यात हत्तीची काय कर्तबगारी? पण हे करणारा माणूस कोण असेल? त्यानं हत्तीला हात न लावता हत्तीचा दात केला. या रांगेतला एकही हत्ती मेलेला नाही, विहीणबाई. सगळे चालतायत."

ते थांबले. जावई तोंड उघडं टाकून ऐकत होता. लग्नापासून हेच व्याख्यान ऐकत आलेली बायकोसुद्धा पायरीवरून उठून पेटीकडे बघायला पुढे आली होती. त्यातला हत्तींचा भाग तिलाही नवा होता.

मेट्रनबाईंनी पेटी त्यांच्या हातातून घेतली. अंगठा झाकणाच्या कडेवर ठेवला, हॉस्पिटलात जखम स्वच्छ करताना ठेवत असतील तशा ठामपणे तो घासला आणि नाकाशी नेला.

"कापूर," त्या म्हणाल्या.

"कापूर," चष्मेवाले म्हणाले.

"लग्न होऊन आले तेव्हा ही पुसताना माझा हात जरा घसरला होता. पडली नाही, नुसती हलली. सासूबाई आख्खा उन्हाळा माझ्याशी बोलल्या नाहीत." त्या पेटीकडे बघत बोलत होत्या. "मोठमोठ्या डॉक्टरांना मी कधी भ्याले नाही. हिला भीत होते. हिच्यावरून फडकं फिरवताना श्वास रोखायचे. त्यांना माहीत असेल हो, ही अशी आहे ते?"

"नसणार. माहीत असतं तर इतकी जपली नसती. आणि इतकी जपली नसती तर आज ही उरलीच नसती. अशी एकही मी पाहिलेली नाही."

मेट्रनबाईंचा चेहरा हलला. आधी त्यांचे खांदे हलले, मग हनुवटी, आणि मग त्या अशा हसू लागल्या की शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडली. "म्हणजे त्याही भीत होत्या!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कापसाला! त्या बाईच्या धाकानं आमचे मामंजी घरात चप्पल न वाजवता चालायचे, आणि ती बाई कापसाला भीत होती!"

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. "काकू, मग मी खरंच आनंदानं नेईन ही पेटी."

"नेशील?" मेट्रनबाईंनी पेटी छातीशी घेतली. "ही आता कुणाला द्यायची नाही. आयुष्यभर दुसऱ्याची म्हणून सांभाळली. आज पहिल्यांदा माझी झाली."

"मग... लग्न?" मुलाने विचारलं.

"करा की. लग्नाचा आणि पेटीचा काय संबंध? सगळ्या गोष्टीत पेटी आणायची काय सवय आहे रे तुम्हाला? जा, तारीख बघून या, आणि आधी त्याला एक कापडी पट्टा घेऊन दे गं तू."

दोघं गेली. ती गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मेट्रनबाई आत जाऊन सासूबाईंच्या कपाटातला आख्खा कप्पाच उचलून घेऊन आल्या होत्या. चष्मेवाले पायरीवरच बसले. बायको त्यांच्या शेजारी बसली, तीही स्वतःहून.

"हा कंगवा. कासवाच्या पाठीचा, म्हणायच्या."

चष्मेवाल्यांनी घासला. मान डावीकडे कलली. "कापूर! काय ठिपके घातलेत बघा, कासवाला स्वतःला जमले नसते."

"ही शिंगाची बटणं."

ओठ पुढे आले. "दूध. विहीणबाई, दुधाची बटणं आहेत ही! कुणीतरी दूध नासवलं आणि त्याची बटणं केली!"

"दुधाची?" मेट्रनबाईंनी बटण तळहातावर घेतलं आणि त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अगोबाई." मग त्यांनी काळ्या मण्यांची माळ उचलली, ती चष्मेवाल्यांना न देता स्वतःच घासली, आणि वास घेताच उभ्या राहिल्या. "हा तर माझ्या वॉर्डाचा वास! फरशी पुसल्यावरचा! सकाळचा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढी वर्षं माझा वॉर्ड या कप्प्यात होता, आणि मला पत्ता नाही."

कप्प्यात शेवटी एक छोटी डबी उरली. तिच्यात हिरव्या खड्यांचं पदक होतं. मेट्रनबाईंनी मोठ्या उत्सुकतेने ते पुढे केलं. "पाचू म्हणायच्या याला. बघा बघा, हे कसलं असेल? भाजीचं तर नसेल?"

चष्मेवाल्यांनी घासलं. हुंगलं. पुन्हा घासलं. भुवया जागच्या जागी राहिल्या, ओठ जागच्या जागी राहिले, मान ताठ राहिली. त्यांनी ते गालाला लावून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"गार लागतंय. वास नाही. आत बारीक भेगा आहेत. काच म्हणावी तर काचही नाही, काचेत जन्म गेला माझा." बोलावं की नाही, असा त्यांना प्रश्न पडला. "मनाला लावून घेऊ नका, विहीणबाई. हे खरं आहे."

"पाचू?"

"पाचू."

"अरेरे," चष्मेवाल्यांची बायको मनापासून हळहळली.

मेट्रनबाईंनी ते पदक दोन बोटांत धरून एकदा खालीवर पाहिलं, डबीत टाकलं आणि डबी बाजूला सरकवून दिली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "हे आपण माझ्या नणंदेला देऊन टाकू."